भागीबाईचा फराटा

"हात पुढे करा, भागीबाई," वडनेरे सर म्हणाले, आणि एम.एस्सी.चा सगळा वर्ग टेबलाभोवती पुढे सरकला.

भागीबाईने सवयीने आधी हात पदराला पुसला. सकाळपासून ती बाटल्या विसळत होती, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतली होती. सरांनी तिला हसत थांबवलं. पुसायचा नाही म्हणाले, जसा आहे तसाच हवा. मग पुण्याहून तयार आलेल्या, नखाएवढ्या नळीतला एक थेंब त्यांनी नव्या कोऱ्या ड्रॉपरने तिच्या बोटाच्या टोकावर सोडला, जरासा थांबून परत ओढून घेतला आणि वेगळ्या नळीत टाकला. त्यांच्याकडे पीएच.डी. करणारी तृप्ती शेजारीच उभी होती. तिच्या हातात परदेशी हातमोजे होते. दुसरा थेंब तिच्या हातमोज्यावर टाकून तसाच परत घेतला. भागीबाईला वाटलं, साहेब लोक रक्त तपासतात तसलं काहीतरी असेल. उलट जरा बरंच वाटलं तिला. इतकी वर्षं या प्रयोगशाळेत झाडूपोछा आणि बाटल्या धुणं झालं होतं, पण सगळ्या वर्गासमोर सरांनी कधी तिला 'पुढे या' म्हटलं नव्हतं.

थेंबांचं काम व्हायला वेळ होता, म्हणून सर शिकवत राहिले. वडनेरे सर शिकवायचे फार छान. एरवी तासाला डुलक्या घेणारी मुलंसुद्धा त्यांच्या तासाला ताठ बसायची. सर म्हणाले, पेशीच्या मध्यभागी सगळ्या कामांचे हुकूम असतात, पण हुकूम जागचा हलत नाही. त्याची नक्कल निघते आणि ती नक्कल निरोप घेऊन बाहेर जाते. तो निरोप म्हणजे आरएनए. आता गंमत बघा, ते म्हणाले. निरोप निघाला म्हणजे काम झालंच असं नाही. पेशी त्या निरोपावर एक बारीकशी रासायनिक खूण करते. निरोपातलं एक अक्षर बदलत नाही, अर्थ तोच, मजकूर तोच. पण त्या खुणेवरून ठरतं, कुठला निरोप वाचायचा, कुठला बाजूला ठेवायचा आणि कुठला फाडून टाकायचा. जगात फार थोड्यांनी याकडे लक्ष दिलंय. आपण नागलीत, म्हणजे नाचणीत, ते बघतोय. पाणी तोडलं की नागली काही निरोपांवर खुणा करून ते गप्प ठेवत असणार, असा आपला अंदाज आहे.

"हे निरोप फक्त नागलीतच नाहीत बरं," सर म्हणाले. "तुमच्यात आहेत, माझ्यात आहेत. जे वाढतंय त्यात तर त्यांची नुसती झुंबड असते. पोटातलं मूल, तान्हं बाळ. एकेक बोट फुटतं ते या निरोपांच्या जोरावर."

भागीबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिची लेक छाया सातपूरला दिली होती आणि सातवा महिना लागला म्हणून पहिल्या बाळंतपणाला नुकतीच माहेरी आली होती. पोटातल्या बाळाचं नाव निघालं तेव्हा भागीबाईचे कान आपोआप टवकारले. सरांचं बोलणं तिला अर्धंमुर्धं कळलं, पण एवढं पक्कं कळलं की लेकीच्या पोटात आत्ता या घडीला निरोपांची धावपळ चालू आहे. तिला ते फार आवडलं.

तासाभराने अंधाऱ्या खोलीत निळसर जांभळा दिवा लागला. काचेवरच्या चिकाच्या वडीसारख्या थरावर केशरी रंगात सगळं उमटलं. हातमोज्याच्या बाजूला दोन झळझळीत पट्टे होते. भागीबाईच्या बाजूला पट्टा नव्हताच, नुसता खालपर्यंत ओघळलेला पुसट फराटा होता.

"हा हातमोज्याचा हात. थेंबातला आरएनए शाबूत," सर म्हणाले. "आणि हा आपल्या भागीबाईंचा. निरोपाच्या चिंध्या! एका बोटात हे, मग ज्या बाटल्या त्या दिवसभर हाताळतात त्यांचं काय होत असेल?"

वर्ग खो खो हसला. भागीबाईही हसली, कारण सगळे हसत होते. सरांनी फोटो काढला, जाडजूड कागदावर चिकटवला आणि दारामागच्या भिंतीवर लावला. पट्ट्यांखाली लिहिलं 'हातमोजा' आणि फराट्याखाली 'भागीबाई'. सरांनी स्वतःचं बोट काही त्या थेंबाला लावलं नाही. तृप्तीने हातमोजा काढून लावलं नाही. एवढ्या हुशार वर्गात एकालाही सुचलं नाही, की सर, माझंही बोट बघू या का. त्यांना उत्तर मिळालं होतं आणि ते त्यांच्या सोयीचं होतं.

सोयीचं होतं, कारण दोन महिन्यांपासून सरांची झोप उडाली होती. नागलीचे नमुने काढून ते पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचे, तिथे त्या खुणा मोजल्या जाणार होत्या. पण दसऱ्यानंतर जो नमुना जाई तो तुकडे होऊन पोहोचे. पुण्याहून टोमणा आला, की तुमच्याकडे आरएनए काढतात की कोशिंबीर करतात. सरांना तो फार झोंबला. त्यांनी कॉलेजात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की नाशिकमधून एक मोठी गोष्ट जगाला कळणार आहे.

बिघडलं होतं खंडेनवमीला. त्या दिवशी घरोघरी हत्यारांची पूजा होते, सातपूरच्या कारखान्यांत लेथला झेंडूच्या माळा पडतात, तशी वडनेरे सरांच्या प्रयोगशाळेतही उपकरणांची पूजा व्हायची. सरांची आई मुद्दाम रिक्षाने यायची. यंदा तिने गरगर फिरणाऱ्या यंत्राला कुंकू लावलं, तराजूला लावलं, औषधं मोजून ओढायच्या पिचकारीसारख्या पिपेटींना दांड्यापासून टोकापर्यंत लावलं, आणि ज्या पाण्यात आरएनए ठेवायचा त्या उकळून बंद केलेल्या बाटलीचं बूच काढून आत दोन अक्षतासुद्धा टाकल्या, भरभराट होऊ दे म्हणून. सरांनी हात लावला, मुलांनी लावला, शिपायांनी लावला, पेढे खाल्लेल्या बोटांनी सगळ्यांनी सगळं हाताळलं. अक्षता मागाहून कुणीतरी चमच्याने काढल्या आणि बूच परत लावलं. भागीबाई तेवढी दाराबाहेर फुलांची टोपली घेऊन उभी होती. तिचा नवरा काळू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि विधवा बाईने हळदीकुंकवाला हात लावायचा नसतो, हे सरांच्या आईने तिला पहिल्याच वर्षी गोड आवाजात सांगितलं होतं. त्या दिवशी त्या खोलीतल्या वस्तूंना न लागलेले हात एकट्या भागीबाईचेच होते.

पण हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पूजेने वाईट कसं होईल? फोटो लागला त्या दिवसापासून भागीबाईने आत यायचं तर हातावर धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चढवायच्या आणि मनगटाला रबर लावायचं, असं ठरलं. खरे हातमोजे महाग होते, ते तिच्यासाठी नव्हते. पिशव्यांत हात घामेजायचे, बाटल्या निसटायच्या. एक फुटली तेव्हा सर काही ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. "हात हात म्हणतो मी ते हेच," एवढंच म्हणाले. मुलांना नवा शब्द सापडला होता. कुणाचा नमुना बिघडला की म्हणायचे, "गेली, माझ्या सँपलची भागीबाई झाली." तिच्यासमोर म्हणायचे. त्यात मुद्दाम दुष्टपणा होता असंही नाही. ती तिथे आहे हेच त्यांच्या लक्षात नसे.

वाईट याचं वाटतं, की भागीबाईला सगळ्या जगात एकाच गोष्टीचा तोरा होता आणि ती गोष्ट म्हणजे तिचे हात. तिची आई गोजराबाई सुरगाण्याकडच्या पाड्यांवर सुईण होती. तिच्याकडून भागीबाई बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला शिकली होती. काळूबरोबर द्राक्षाच्या कामाला नाशकात आली, पेठ रोडच्या वस्तीत राहिली, आणि त्या वस्तीत जन्मलेली निम्मी पोरं तिच्या पायांवर आडवी पडून न्हाली होती. मालिश करताना ती बाळाशी बोलायची नाही की गाणं म्हणायची नाही. नुसता हात फिरायचा आणि रडणारं पोर गप्प व्हायचं. बाया म्हणायच्या, भागीच्या हाताला गुण हाय. छाया पोटुशी आहे हे कळलं तेव्हापासून भागीबाई एकाच सुखाची वाट बघत होती. इतकी वर्षं लोकांची लेकरं न्हाऊ घातली, आता घरचं घालायचं.

डिसेंबर संपता संपता सरांनी तिला प्रयोगशाळेतून काढून मागच्या संडासांवर नेमलं. नोकरी गेली नाही, उलट पगार तोच राहिला याबद्दल तिने उपकार मानावेत अशी सगळ्यांची अपेक्षा होती आणि तिने ते मानले. जाताना सर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुमचा दोष नाही, तुमच्या हाताचा आहे."

इकडे तृप्तीचा जीव टांगणीला लागला होता. सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बापाची ती पोर, तिच्या प्रबंधाची मुदत संपत आली होती. भागीबाई गेली त्याच आठवड्यात तिने एका संध्याकाळी सगळ्या पिपेटी खोलून बघितल्या. आत नळीला कुंकवाचा लाल गाळ बसला होता. पाण्याच्या बाटलीच्या तळाशी तांदळाचा तुटका दाणा होता.  ती तशीच राबली, पिपेटी धुतल्या, पाणी ओतून नवं केलं, सगळी औषधं पुन्हा बनवली. आणि मग, का कोण जाणे, हातमोजा काढून स्वतःचं बोट एका थेंबाला लावलं. दिव्याखाली तिचाही फराटा उमटला, भागीबाईसारखाच, तसूभर कमी नाही. तिने तो थर चुरगळून टाकला.

दुसऱ्या दिवशी नागलीचा आरएनए आला तो इतका स्वच्छ, की दोन्ही पट्टे आरशासारखे. सरांनी टाळी वाजवली. मुलांना बोलावलं, शिपायांना बोलावलं, आणि मोठ्या मनाने भागीबाईलाही मागच्या संडासांवरून बोलावून घेतलं. तिला दारातच उभं करून फोटो दाखवला. म्हणाले, "बघा भागीबाई, हात बदलला आणि काम झालं. आता तरी पटलं ना?"

भागीबाईने बघितलं. ती शाळेत गेली नव्हती, पण डोळे शाबूत होते. भिंतीवर तिचं नाव असलेला फराटा होता आणि सरांच्या हातात ती नसतानाचे लख्ख पट्टे होते. तिने मान हलवली. तृप्ती मागे उभी होती. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं. प्रबंधावर सही सरांची लागणार होती, आणि पिपेटींमध्ये सरांच्या आईचं कुंकू होतं.

तिला तोंड फुटलं ते फेब्रुवारीत, पुण्याचा निकाल चांगला आला आणि सरांनी प्रबंधाला हिरवा कंदील दाखवला त्यानंतर. संडासामागच्या नळावर भागीबाई बादल्या धूत होती, तिथे तृप्ती आली आणि सगळं सांगून टाकलं.

"मावशी, ते निरोप फाडणारं द्रव्य सगळ्यांच्या हाताला असतं. माझ्या, सरांच्या, प्रत्येकाच्या घामात असतं. जंतू मारायला देहानंच ते ठेवलंय. मी माझं बोट लावून बघितलं."

"मग मी गेल्यावर चांगलं कसं झालं, ताई?"

"मी पिपेटी धुतल्या म्हणून. आत कुंकू होतं, पूजेचं. त्याच्याबरोबर सगळ्यांच्या हाताची घाण."

भागीबाईने बादली खाली ठेवली. मग तिने मायेने मान डोलावली, लहान पोर खोटं बोलून आईला बरं वाटावं असं करतं तेव्हा डोलवावी तशी.

"देवाच्या कुंकवानं कसं बिघडंल गं," ती म्हणाली. "तू गुणाची हायेस म्हणून बोलतीस. सरांना सांगितलंस का हे?"

तृप्ती गप्प झाली. ते गप्प बसणंच भागीबाईला पुरलं. खरं असतं तर पोरीने सरांना सांगितलं नसतं का? तृप्तीने पुन्हा नेट लावला, म्हणाली, मावशी, माणसाचे निरोप आत असतात, कातडीच्या आत, बाहेरच्या हाताने काही होत नाही. "लेकराची कातडी लय पातळ असती, ताई," भागीबाई म्हणाली आणि बादली घासायला लागली. तृप्ती निघून गेली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं तिला नक्कीच वाटलं असेल. सांगितलं तर होतं.

छाया मार्चच्या सुरुवातीला सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, काळीसावळी, डोक्यावर दाट जावळ. नर्सने दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली आणि आजी कोण, असं विचारलं. भागीबाई उठली, दोन पावलं पुढे गेली आणि शेजारच्या लताबाईला म्हणाली, तू घे, माझे हात गार हायत. लताबाईने घेतलं. भागीबाई वाकून वाकून बघत राहिली. त्या चिमटीएवढ्या मुठीत, त्या कानाच्या पाळीत आत्ता किती निरोप पळत असतील, हे तिच्याशिवाय त्या दवाखान्यात कुणाला ठाऊक होतं? आणि ते फाडायला एक बोट पुरतं हेही तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

घरी आल्यावर रोज नवं कारण निघायला लागलं. आज बोट कापलंय. आज फिनेलचा वास येतोय हाताला. आज अंगात कणकण हाय. बाळाला न्हाऊ घालायला लताबाई यायची. तिचा हात जड होता, पोर आकांत करायचं, आणि भागीबाई भिंतीला टेकून बसल्या जागेवरून सांगायची, मान धर, पाठीवरून खाली ने, टाच दाबू नको.  लताबाई एकदा चिडून म्हणाली, एवढं येतं तर ऊठ की. भागीबाई उठली ती सरळ बाहेर गेली आणि पाणी भरून आणलं. वस्तीतल्या बाया कुजबुजायला लागल्या. सगळ्यांची पोरं न्हाऊ घातली आणि घरच्याला शिवत नाही.

रात्री पोर कळवळून रडलं की छाया आईकडे बघायची आणि आई कूस बदलायची. छाया पोराला थोपटत राहायची. पण बाळंतपणात माणसाचं मन हळवं असतं, आणि हळव्या मनाला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागते तीच आधी खरी वाटते.

सव्वा महिना झाला आणि जावई रिक्षा घेऊन न्यायला आला. तो पिशव्या ठेवायला बाहेर गेला तेवढ्यात छायाने बाळ गोधडीवर निजवलं आणि आईला म्हणाली, "आता जाताना तरी घे. एकदा."

भागीबाईने हात मागे घेतले.

"पोरगी झाली म्हणून ना?" छाया म्हणाली. "पोरगा असता तर घेतला असतास."

"नाय गं," भागीबाई म्हणाली. "तसं नाय."

"मग कसं?"

काय सांगणार? कॉलेजच्या भिंतीवर फोटो लागलाय म्हणून सांगणार? छायाला ते खुळ्यासारखं वाटलं असतं. आणि समजा वाटलं नसतं, समजा पटलं असतं, तर या हातांनी आपल्यालाही वाढवलं म्हणून ती आयुष्यभर स्वतःच्या अंगाकडे संशयाने बघत राहिली असती. भागीबाईने पुन्हा नुसती मान हलवली. छायाने डोळे पुसले, बाळ उचललं, छातीशी घट्ट धरलं, आणि बाहेर पडताना पाया पडायलाही थांबली नाही. तेवढं भागीबाईला फार लागलं. पण पाया पडली असती तर डोक्यावर हात ठेवावा लागला असता, हेही तिच्या लगेच मनात आलं.

रिक्षा वस्तीच्या टोकाला वळली आणि पेठ रोडच्या गर्दीत दिसेनाशी झाली. लताबाई काहीतरी विचारत होती, तिला उत्तर न देता भागीबाई आत आली आणि दार लोटून घेतलं. गोधडी तशीच पसरलेली होती. मधोमध एवढासा खळगा पडला होता आणि त्याला तेलाचा, दुधाचा वास येत होता. ती शेजारी बसली.  मग तिने दोन्ही हात हळूच त्या खळग्यात ठेवले. जागा अजून ऊन होती, आणि ती निवेपर्यंत तिने ते काढले नाहीत.